आकाशातून, व्हरांड्यामार्गे

सिरिल क्युपिडो आकाशातून गॉडफ्री ओलिफंटच्या व्हरांड्यात उतरला, तेव्हा गॉडफ्री बनियनवर बसून पावाला जर्दाळूचा जॅम लावत होता.

‘उतरला’ हा शब्द सिरिलचा. बघणाऱ्यांनी वेगळे शब्द वापरले, ते इथे नकोत. उडायची छत्री धुराड्याला अडकली, दोऱ्या टीव्हीच्या अँटेनाला, आणि सिरिल स्वतः व्हरांड्याच्या कडेला वाळत घातलेल्या विजारीसारखा लोंबकळत राहिला. बुटांचे तळवे जॅमच्या बरणीपासून वीतभर वर.

गॉडफ्रीने सावकाश मान वर केली.

“फाटकाची कडी काढलेलीच होती रे,” तो म्हणाला.

“वारा,” सिरिल म्हणाला.

“चहा घेणार?”

“आधी मला खाली घे!”

“घेतो की. पण त्याला शिडी लागेल. आणि शिडी तुझ्याकडे आहे, गेल्या ईस्टरपासून.”

मग गॉडफ्री शिडी आणायला शेजारी गेला, म्हणजे सिरिलच्याच घरी. तिथे सिरिलची बायको मर्सिया भोपळा चिरत होती. तिने विचारलं, “शिडी कशाला?” गॉडफ्री म्हणाला, “तुझा नवरा काढायचाय.” मर्सियाने भोपळ्याची फोड पुरी केली, सुरी पुसली, हात धुतले, लिपस्टिक लावली आणि मगच आली. चाळीस वर्षांच्या संसारात घाई कुठे करायची नाही हे बाईला बरोबर कळतं.

तोवर क्लाइनसँडमधली अर्धी वस्ती कुंपणाशी जमली होती. गाव आहेच केवढं? पुढे समुद्र, समुद्राला लागून वाळूचा उंच कडा, कड्याच्या मागे घरांची एक रांग, संपलं. इथे कुणाचा पापड मोडला तरी चर्चमध्ये आवाज जातो.

आता सिरिल कुणी ऐरागैरा नव्हता, म्हणून तर गर्दी. एकतीस वर्षं तो नगरपालिकेत घरांचे नकाशे तपासत होता. हातात लाल पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य: ‘कारण अपूर्ण. पुन्हा भरा.’ चर्चच्या नव्या घंटाघराचा नकाशा त्याने परत पाठवला होता, का तर घंटेला खिडकी दाखवली नव्हती. सोफी मावशीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आग लागली तर कोंबड्या कुठून बाहेर पडणार, हे त्याने लेखी विचारलं होतं. आणि हाच तो गॉडफ्रीचा व्हरांडा. याचा नकाशा चार वेळा परत आला. एकदा उत्तर दिशेचा बाण बारीक काढला म्हणून. एकदा कागदाला जॅमचं बोट लागलं म्हणून. तिसऱ्यांदा शेरा आला, ‘व्हरांड्याचा हेतू स्पष्ट करा.’ गॉडफ्रीने लिहिलं, ‘बसणे.’ चौथ्यांदा परत: ‘कोणी?’ शेवटी सिरिलला गालगुंड झालं, तो पंधरा दिवस रजेवर गेला, आणि व्हरांडा मंजूर झाला.

असा हा माणूस निवृत्त होऊन घरी बसला. मर्सियाचं काय झालं असेल ते ज्यांचे नवरे निवृत्त झालेत त्यांना सांगायला नको. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या मसाल्याच्या बरण्यांवर लाल शेरे आले. तिसऱ्या आठवड्यात त्याने केकला फूटपट्टी लावली आणि म्हणाला, “डावीकडे बसलाय.” चौथ्या आठवड्यात मर्सिया केस कापायला गेली. तिथे भिंतीवर एक चिठ्ठी होती: कड्यावरून उडायला शिका, वयाची अट नाही. तिने जागच्या जागी नवऱ्याचं नाव लिहून टाकलं.

“अगं, पडला बिडला तर?” केस कापणारीने विचारलं.

“पडेल तिथे मोजमाप घेईल. घराबाहेर असेल ना? बास.”

सल्ल्यांना तोटा नव्हता. सोफी मावशी दोन घरं सोडून राहते, तिने सांगितलं पोटाला कच्चा कांदा बांध म्हणजे चक्कर येत नाही, आणि खिशात दगड ठेव म्हणजे वाऱ्याने उडून जाणार नाहीस. “मावशी, उडायलाच तर चाललोय,” सिरिल म्हणाला. “मग एकच खिशात ठेव,” मावशी म्हणाली. पाद्रीबुवा म्हणाले, प्रार्थना आधीच उरकून घे, वर वेळ मिळेल न मिळेल. डॉक्टरच्या दाखल्यावर प्रश्न होता: ‘आपण पूर्वी कधी पडला आहात काय?’ सिरिलने लाल पेन्सिलीने उत्तर लिहिलं: ‘कुठून? प्रश्न अपूर्ण.’ त्या एका ओळीपायी दाखला तीन आठवडे लटकला.

शिकवणारी होती नोसिफो. सव्वीस वर्षांची, हातभर उंचीची, पण आवाज असा की लाटा दोन पावलं मागे सरायच्या. तिने सिरिलला दोन महिने नुसतं वाळूत पळवलं. गावातली कुत्री त्याच्याबरोबर पळून बारीक झाली, सिरिल तेवढाच राहिला.

“सिरिल काका, दोनच गोष्टी पाठ करा,” ती म्हणायची. “समुद्रावरून वारा येतो, कड्यावर आपटतो, वर चढतो. तो तुम्हाला उचलणार. कड्याच्या मागे गेलात की तोच वारा खाली कोसळतो, त्याच्याबरोबर तुम्ही. म्हणून मागे जायचं नाही. आणि दुसरं?”

“जिकडे बघाल तिकडे जाल.”

“खांबाकडे बघाल तर खांबावर. म्हणून कुठे बघायचं?”

“समुद्राकडे.”

“पांढरे घोडे दिसले की?” पांढरे घोडे म्हणजे लाटांवरचा फेस. तो दिसला म्हणजे वारा वाढला.

“गुपचूप खाली.”

पाठांतरात तो पहिलाच असायचा. आणि एक दिवस तो खरोखर वर गेला हो. कड्यावरून चार पावलं पळाला, पाचवं पाऊल पडलंच नाही. खाली निळं पाणी, बाजूला एक कुरव पक्षी, पंख न हलवता, शेजारच्या बाकावर बसल्यासारखा. सिरिलने सवयीने चूक शोधली. पाण्याला कुंपण नव्हतं. ढगाला उंचीची मर्यादा नव्हती. पक्ष्याने कुणाची परवानगी घेतली नव्हती. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कशातच चूक सापडली नाही. खाली आला तेव्हा डोळे पाण्याने भरलेले. मर्सियाला म्हणाला वाळू गेली. त्या रात्रीपासून त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा यायला लागला.

आता एकच राहिलं होतं, एकट्याने उडायच्या परवान्यावर नोसिफोची सही. तोवर ती खाली उभी असेल तरच उडायचं. सही दोन दिवसांवर आली होती. आणि त्या सकाळी सिरिल व्हरांड्यात उतरला.

नोसिफोने छत्री धुराड्यावरून उतरवून घेतली, घडी केली, क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि कुलूप घातलं.

“हा कागद भरा. काय झालं, का झालं. शनिवारी खोक्यावर चढायचं. कागद पास झाला की छत्री, मग सही.”

“आणि पास नाही झाला तर?”

“मग छत्री माझी, काका. माझ्या आजीला गच्चीवर ताडपत्री हवीच आहे.”

कागदात ‘कारण’ म्हणून तीन चौकोन होते: हवामान, सामान, वैमानिक. सिरिलने हवामानावर खूण केली आणि खाली सुवाच्य अक्षरात दीड पान वाऱ्याचं वर्णन लिहिलं. वारा कसा बेजबाबदार, कसा पूर्वसूचनेशिवाय. गुरुवारी शेडच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. रांगेत तो एकटाच होता, पण उभा राहिला. नोसिफोने वाचलं, कानामागून लाल पेन्सिल काढली, आणि लिहिलं: ‘कारण अपूर्ण. पुन्हा भरा.’

सिरिल त्या ओळीकडे बघतच राहिला. आपली पोर रस्त्यात भेटावी आणि तिने ओळख दाखवू नये, तसं त्याला झालं.

“हे... हे कुठे शिकलीस?”

“माझ्या वडिलांचा गोठ्याचा नकाशा. भिंतीवर चिकटवलाय अजून. परत आलेले पाचही.”

दुसऱ्यांदा त्याने ‘सामान’ लिहिलं. म्हणाला छत्रीची डावी दोरी ढिली होती. नोसिफोने दोरी मोजून दाखवली. तिसऱ्यांदा त्याने कुरव पक्ष्यावर ढकललं. पक्ष्याने अचानक डावीकडे वळून दिशाभूल केली, असं लिहिलं. खिडकीतून शेरा आला: ‘पक्ष्याची सही कुठे आहे?’ आणि बारा वाजता खिडकी बंद. बारा म्हणजे बारा. सिरिलने घड्याळ लावून बघितलं.

शनिवारची गंमत वेगळीच. या क्लबच्या लोकांची एक रीत आहे. दर शनिवारी संध्याकाळी वाळूत शेकोटी पेटते, जाळीवर सॉसेज चढतात, आणि ज्याच्याकडून त्या आठवड्यात चूक झाली असेल तो मासळीच्या उलट्या खोक्यावर उभा राहून ती सांगतो. पहिला शब्द ‘मी’ पाहिजे. ‘वारा’ हा शब्द काढायचा नाही. जो काढेल त्याच्या डोक्यावर जुना विंडसॉक चढवायचा, म्हणजे ती वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी-पांढरी कापडी बाही, आणि सगळ्यांची सॉसेजेस त्याने भाजायची. बोलणारा बोलत असेपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर पोट दुखेस्तोवर हसा.

सिरिल पहिल्या शनिवारी खोक्यावर चढला, घसा साफ केला आणि म्हणाला, “मी सांगू इच्छितो की त्या सकाळी वारा...”

झालं. विंडसॉक. डोक्यावरून खांद्यापर्यंत आला, शेपूट मागे फडफडतंय, आणि निवृत्त नकाशा तपासनीस अडतीस सॉसेजेस उलटतोय. सोफी मावशीने फोटो काढला तो चर्चच्या फळ्यावर लागला.

दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, “मी निर्दोष असून हवेच्या हालचालीमुळे...”

“तेच ते!” सगळे ओरडले. पुन्हा विंडसॉक. पण सॉसेजेस उत्तम भाजली, हे सगळ्यांनी मान्य केलं. सगळी एका मापाची, एका रंगाची.

त्या रात्री नोसिफो स्वतः खोक्यावर चढली. “मी,” ती म्हणाली, “चार वर्षांपूर्वी मांडीचा पट्टा न लावता उडाले. कुणाशी तरी गप्पा मारत होते. वर गेल्यावर कळलं. पूर्ण वीस मिनिटं मी नुसत्या हातांवर लटकले. शिकवणारी मी. मला खोक्यावर चढायला महिना लागला. चढले त्या शनिवारी घरी जाता जाता बाकीच्यांनी आपापले पट्टे तपासले. एकाचा उसवलेला निघाला.” आणि उतरली. कुणी हसलं नाही. सिरिल जाळीशी उभा होता, विंडसॉकच्या आत काय चाललंय ते दिसायला मार्ग नव्हता.

घरी येताना मर्सिया म्हणाली, “तू हट्टी आहेस हे गावाला माहीतच आहे. पण छत्रीवाचून तू तीन दिवस जेवला नाहीस, आणि तरी खरं सांगत नाहीस. म्हणजे आत काहीतरी मोठं आहे.”

“काही नाही.”

“पहाटे टेप घेऊन गॅरेजमागे काय करत होतास?”

“व्यायाम.”

“टेपने?”

सिरिलने पांघरूण डोक्यावरून घेतलं. मर्सियाने ते खाली ओढलं. “हे बघ सिरिल, माझ्या केकवर तू शेरे मारलेस, मी ऐकून घेतलं. पुढचं मी ऐकणार नाही. तुझ्यासमोर दोनच रस्ते. एक, आकाश. दोन, माझं स्वयंपाकघर. आणि दोन बंद आहे.”

तिसऱ्या शनिवारी गॉडफ्रीसुद्धा आला. बोलावलंच होतं त्याला, ‘उतरण्याचं ठिकाण’ म्हणून. सोबत जॅमची बरणी घेऊन पुढे बसला. सिरिल खोक्यावर चढला. जाळीवर चरबी चुरचुरत होती, तेवढाच आवाज.

“मी,” तो म्हणाला, आणि थांबला. “मी मागे वळून बघितलं.”

गॉडफ्रीने बरणीत बोट घातलं.

“मी कड्यावर होतो. सगळं ठीक होतं. मग मला वाटलं, एवढ्या वर आलोच आहोत तर गॉडफ्रीचा व्हरांडा एकदा बघून घ्यावा. तो माझ्या हद्दीत वीतभर आलाय असा माझा बावीस वर्षं संशय होता. मी बघितलं आणि मी तिकडे गेलो. समुद्रावर पांढरे घोडे आले होते, ते मी बघितलेच नाहीत, कारण मी कौलं मोजत होतो.”

“आणि?” गॉडफ्री म्हणाला.

“आणि वरून सगळी कुंपणं दिसतात. एका रेषेत, दोरी लावल्यासारखी, पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत. एकाच ठिकाणी रेघ पोटासारखी बाहेर आलीय. ती माझ्या गॅरेजची भिंत आहे. मी बांधलेली. मी मोजलेली. मी पास केलेली. तुझ्या जागेत एकेचाळीस सेंटिमीटर.”

शेकोटीतलं लाकूड फुटलं. सोफी मावशीचा फोन हातातच राहिला, फोटो काढायचं विसरली बाई, म्हणजे बघा.

“मी त्या भिंतीकडे बघत बघत खाली आलो,” सिरिल म्हणाला. “जिकडे बघाल तिकडे जाल. गेलो.”

गॉडफ्रीने बोटावरचा जॅम चाटला. “त्रेचाळीस,” तो म्हणाला.

“काय?”

“एकेचाळीस नाही, त्रेचाळीस. तू गिलाव्याच्या आतून मोजलंस. मी ज्या दिवशी भिंत उठली त्याच दिवशी मोजलं होतं.”

“बावीस वर्षं माहीत होतं? आणि गप्प बसलास?”

“त्या भिंतीच्या सावलीत माझे टोमॅटो वाचतात रे. आणि तू नकाशा परत पाठवलास ना, दर वेळी, मी घरी येऊन त्या भिंतीकडे बघायचो आणि मला एवढं बरं वाटायचं म्हणून सांगू! डॉक्टरला पैसे दिले असते तरी एवढं बरं वाटलं नसतं.”

मग जे हसू फुटलं ते म्हणे पलीकडच्या गावात ऐकू गेलं, आणि खाडीत एक देवमासा दचकून उलटा फिरला. मी तिथे नव्हते, पण मासा खोटं कशाला बोलेल. सिरिलला आधी कळेना रागवावं की काय. मग त्याने स्वतःच विंडसॉक उचलला आणि डोक्यावर घातला.

“काका, आज नाही घालायचा,” नोसिफो म्हणाली.

“भाजायला बरा पडतो. धूर लागत नाही.”

सोमवारी कागद पास झाला. ‘वैमानिक’ या चौकोनात खूण. नोसिफोने परवान्यावर सही केली आणि आपली लाल पेन्सिल त्याच्यापुढे धरली. सिरिल म्हणाला, असू दे तुझ्याकडे. भिंत पाडायची ठरली तर गॉडफ्रीने टोमॅटोंच्या वतीने लेखी हरकत घेतली, म्हणून ती उभीच आहे. फक्त शिडी तेवढी परत गेली.

पुढच्या आठवड्यात सिरिल एकट्याने उडाला. समोर समुद्र, खाली कडा, बाजूला तोच कुरव. छान चाललं होतं. पण गॉडफ्रीने मधल्या काळात एक उद्योग केला होता. काळजीपोटी केला, असं तो शपथेवर सांगतो. व्हरांड्याच्या छपरावर पांढऱ्या रंगाने, हातभर उंच अक्षरांत, त्याने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या.

सिरिलला कडेने काहीतरी पांढरं दिसलं. मान वळायला लागली. वळली. छत्रीचं टोकही तिच्यामागून वळलं. आणि मग त्याने दात आवळून, जड कपाट सरकवावं तशी स्वतःची मान समुद्राकडे फिरवली, आणि कड्यासमोरच राहिला, आणि वाळूवर उतरला, दोन पायांवर, कुणाच्याही जॅमपासून लांब. कुणी पाहिलं नव्हतं. नोसिफोची पाठ होती. मर्सिया घरी केक करत होती, डावीकडे बसलेला. चूक झालीच नव्हती, होता होता राहिली होती. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

शनिवारी कुणी नाव घ्यायच्या आत सिरिल खोक्यावर.

“मी,” तो म्हणाला, “बघितलं.”

पुढे गॉडफ्री बसला होता. बरणी मांडीवर. “काय लिहिलंय ते वाचलंस?”

“‘सिरिल, इकडे बघू नकोस.’”

“मग? कसं वाटलं?”

सिरिलने थोडा विचार केला. विंडसॉककडे हात नेला, मागे घेतला.

“दुसरी ओळ,” तो म्हणाला, “डावीकडे उतरलीय.”